ना पंखा, ना पांघरूण

वर्ध्याच्या हवेचा आमच्या साडूंना जेवढा राग होता, तेवढा राग अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला आला असेल असं मला वाटत नाही. मे महिन्यात आम्हा बाकीच्यांना नुसतं उकडायचं. साडूंचा अपमान व्हायचा. सुटीच्या दिवशी सकाळी ऊन अंगणात उतरलं की ते खुर्ची उचलून लिंबाखाली जात, तिथून भिंतीच्या सावलीला, तिथून ओसरीवर. दिवसभर सूर्याला चुकवत घराभोवती फिरून संध्याकाळी खुर्ची मूळ जागी आणून ठेवत आणि म्हणत, "हे गाव माणसाले बसू देत नाई, साडभाऊ." हिवाळ्यात हीच फेरी उलटी, म्हणजे उन्हाच्या मागे मागे. त्यांच्याकडे गेल्यावर मी आधी खुर्ची कुठे आहे ते पाही आणि मग किती वाजले असतील याचा अंदाज बांधी.

शहर चांगलं की वाईट हे ठरवायची त्यांची कसोटी एकच: वर्षातून किती रात्री पंखाही लागत नाही आणि पांघरूणही लागत नाही? नोकऱ्या, कॉलेजं, नळाचं पाणी हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. वर्ध्याला अशा रात्री दिवाळीच्या मागेपुढे येत, आणि नेमकी तेव्हा साडूंना सर्दी असे. इतर शहरांची खबर मात्र त्यांना घरबसल्या मिळे, कारण आमचं स्टेशन जंक्शन. ऑफिस सुटलं की ते प्लॅटफॉर्म तिकीट काढून गाडीच्या खिडक्यांशी उभे राहत. "कुठून बसले भाऊ? काल रातच्याले पांघरलं का?" अंगात मळका सदरा, डोक्याला दुपट्टा, आणि हा प्रश्न. एका बाईंनी तर घाईघाईने वळकटी आत ओढून घेतली होती. एकदा भर मे महिन्यात दक्षिणेकडून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातावर स्वेटर दिसलं, त्या दिवशी साडूंना जेवण गेलं नाही.

मीही त्यांच्या खबऱ्यांपैकीच. इंदूरला लग्नाला गेलो होतो, ऐन उन्हाळ्यात. परत आल्यावर साडूंनी विचारलं, तर मी खरं तेच सांगितलं, की तीन रात्री दोन दोन रजया घेऊन झोपलो. मला हिवताप भरला होता हे सांगायचं राहून गेलं. साडू सहा महिने इंदूरला बदली मागत होते.

निवृत्ती जवळ आली तसं त्यांचं नाशिक पक्कं झालं. तिथे एक घर विकाऊ होतं. त्यासाठी सेवाग्राम रोडवरचा प्लॉट फुंकायचा, असा बेत. त्या प्लॉटवर बाईंचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, सगळा जीव. घराचा अजून पायाही नव्हता, पण त्यांनी तिथे कडुलिंब लावला होता आणि रोज दुपारी बादली घेऊन त्याला पाणी घालायला जात होत्या. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "जवाईबुवा, तुम्ही संग जा. काईबी करा, पन थो सौदा होऊ देऊ नका." मी छातीवर हात ठेवून वचन दिलं.

नाशिकला धर्मशाळेत उतरलो. सकाळी साडूंनी मला हलवून उठवलं. "पाहा बरं, घाम आला का?" मी मान चाचपली. कोरडी. पांघरूण पायाशी तसंच घडी घातलेलं. इतकी गाढ झोप मला लग्नानंतर लागली नव्हती. "घेऊन टाका घर," मी म्हणालो. बाईंचा वकील मी, असा.

घराचे मालक निवृत्त मास्तर होते. चहा आला. मी तोंड पुसायला खिशातून रुमाल ओढला, त्याबरोबर कांदा बाहेर पडला आणि गडगडत थेट मास्तरांच्या पायाशी जाऊन थांबला.

"भाजी घेऊन आलात का?" मास्तरांनी विचारलं.

आता मे महिन्यात खिशात कांदा नसेल तर आमच्याकडे माणसाला उंबरा ओलांडू देत नाहीत. लू, म्हणजे उन्हाचा तापलेला वारा, लागू नये म्हणून. निघताना बाईंनीच तो घातला होता. साडूंनी माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. पण मास्तरांची नजर साडूंच्या फुगलेल्या खिशाकडे गेली, तेव्हा त्यांनाही आपला कांदा काढून टेबलावर ठेवावा लागला.

"आमच्याकडं लू चालते," साडू म्हणाले.

"म्हणजे?"

एवढंच पुरलं. साडूंनी लू सांगितली, कूलरच्या वाळ्याचा वास सांगितला, सांजच्याले अंगणात पाणी शिंपडलं की माती कशी चरचरते ते सांगितलं, मग रांगेने पडलेल्या बाजा, या बाजेवरून त्या बाजेवर चाललेल्या उखाळ्यापाखाळ्या, अन् गल्लीभर एकच विषय, की आजच्यासारखं तपलं नव्हतं बापा कधी. चहा निवून गेला. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं उन्हाळ्यात काय करता?"

"काही करावं लागत नाही. हवा बरी असते."

"मंग बाजा कुठं टाकता?"

"आम्ही घरातच झोपतो. दार लावून."

साडू खुर्चीत पुढे सरकले. "अन् मंग एकमेकासंग बोलता काय?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "फारसं नाही बोलत," ते म्हणाले.

साडूंनी दोन्ही कांदे उचलले, एक मला दिला, एक खिशात टाकला. "विचार करून कळवतो."

परतीच्या गाडीत साडू खिडकीशी बसले. भुसावळ गेलं. मग खिडकीतून पहिली झळ आली. "पाहा, साडभाऊ," गर्दीत गावचं माणूस दिसावं तशा आवाजात ते म्हणाले, "सुरू झाली."

घर सेवाग्राम रोडलाच झालं. साडूंनी त्याला चारी बाजूंनी ओटा करून घेतला, खुर्ची फिरायला. पुढची सगळी वर्षं ते त्या ओट्यावर फिरत राहिले, वर्ध्याला शिव्या देत. ते गेले तो उन्हाळा फार तापला होता. ते असते तर दोन महिने बोलले असते.

परवा दिवाळीनंतर त्या घरी गेलो. खुर्ची लिंबाखालीच होती, सकाळीही आणि संध्याकाळीही. बाई ओट्यावर बसल्या होत्या. ना पंखा हवा, ना पांघरूण, अशी वेळ.

"हवा छान आहे आज," मी म्हणालो.

"हो ना," बाई म्हणाल्या.

मग पुढे काय बोलावं ते आम्हा दोघांनाही सुचेना.