मरपाची बसली तेव्हा

नातवंडांनो, आधी एक सांगून टाकते. भूत, करणी, अंगात येणं… यातलं मी काहीही मानत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजीतून बी.ए. झाले, पुढे तीस-एक वर्षं मुलींना गणित शिकवलं. घरात कुणी असल्या गोष्टी काढल्या की मी उठून स्वयंपाकघरात जायची. तरीही हे लिहिते आहे, कारण परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या धाकट्या पणतूने मला विचारलं, "पणजी, या डॉल्सना कोण चालवतं?" तो टीव्हीवर ती बालवाडीच्या मुलांची मालिका बघत होता, त्यात मातीच्या बाहुल्या चालतात, भांडतात, खीर खातात. मी त्याला म्हटलं, "बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो. सगळे भरभर दाखवले की ती चालते." उत्तर बरोबर होतं. पण माझ्या आयुष्यात एकदा ते उत्तर पुरलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही कुंभकोणमला महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत राहायचो. मी बारा वर्षांची, माझी बहीण कमू चार वर्षांची. घरात आम्ही मराठी बोलायचो, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडायचे, म्हणजे पायऱ्या करून त्यावर बाहुल्या. सगळ्यात वर मरपाचीची जोडी: तांबड्या लाकडाचे नवरा-नवरी, आईला तिच्या लग्नात मिळालेले. एका अखंड लाकडातून कोरलेले. ना सांधा, ना खिळा. आई दरवर्षी नवरीला नव्या रेशमाच्या तुकड्याचं लुगडं नेसवायची.

त्या वर्षी मात्र लुगडं मी नेसवलं, कारण आई तंजावरच्या इस्पितळात होती. भाऊ झाला होता, तो ठणठणीत होता, पण आईला ताप चढला होता आणि ती शुद्धीवर नव्हती. अप्पा तिच्यापाशी. रविवारी आगगाडीने येऊन आम्हाला बघून जायचे. आम्हाला सांभाळायला अप्पांची बहीण, आमची अत्या होती. कमूने विचारलं की ती म्हणायची, "आई निजलीय गे. उठली की येईल."

आता आमची एक रीत तुम्हाला ठाऊक असायला हवी. दसऱ्याच्या संध्याकाळी कोलूतली एक बाहुली आडवी निजवतात, म्हणजे उत्सव संपला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत जातात. थेट पुढच्या वर्षापर्यंत.

अत्याने मरपाचीतल्या नवरीला हात लावला आणि म्हणाली, "चला, हिला निजवूं या."

कमू अशी किंचाळली की शेजारचे धावत आले. तिने बाहुली हिसकावली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. कुणाला काही कळेना. मला कळायलाही रात्र उलटावी लागली. निजवलं की पेटी. पेटी की वर्षभर कुलूप. आणि आईला तर निजवलेलंच होतं!

"आई उठली की मी जेवीन," एवढंच ती बोलायची. ताकाचे दोन घोट घ्यायची, बस्स. वैद्य आले, नाडी पाहिली आणि अत्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पोर अशीच राहिली तर मला हिच्यासाठी रोज यावं लागेल."

त्याच सुमारास मुकुंदमामा आला. हा आईचा धाकटा भाऊ, मद्रासला एका स्टुडिओत कॅमेरामनच्या हाताखाली होता. त्याच्याजवळ चावीचा एक छोटा सिने-कॅमेरा होता, एका वेळी एकच चित्र घेता येणारा. त्याने कमूची सगळी हकिगत ऐकली, थोडा वेळ मिशी ओढत बसला आणि म्हणाला, "कमू, निजलेली माणसं उठून घरी येतात. दाखवू तुला?"

"दाखव."

"मग हिला आधी निजवावं लागेल."

"नाही!"

"अगे, निजलीच नाही तर उठेल कशी?"

कमूने यावर बराच विचार केला. मग म्हणाली, "मीच निजवीन. पण पेटी घरात नको."

पेटी समोरच्या घरी गेली. त्या काकूंनी विचारलं, "काय जालं?" तर अत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आमचे येथे सिनेमा चाललाय!"

मधल्या चौकात ऊन यायचं तिथे आम्ही कामाला बसलो. कॅमेरा उलट्या उखळीवर. बाहुली हलवायचं काम माझं, कारण माझा हात स्थिर. तिच्या पाठीमागे, लुगड्याच्या आड, ओल्या मातीचा गोळा लावायचा, म्हणजे ती तिरकी उभी राहते. गोळा जरासा वाढवायचा, हात काढायचा. "श्वास धर," मामा म्हणायचा आणि कट्‌! मग पुन्हा. ढग आला की थांबायचं. कमू शेजारी पाटावर बसून पहारा करायची. "आक्का, तिचा पदर सांभाळ!" अत्या पलीकडून म्हणायची, "अरे मुकुंदा, एवढ्यात माझा सगळा स्वयंपाक होतो. ही बया अजून कुशीवरच!"

तरी ती उठली. सरकत सरकत समईपाशी आली, तिथून उंबऱ्याच्या आतपर्यंत. तिथे ती उभी राहिली आणि मामा म्हणाला, "संपली फिल्म." हे मी नीट सांगते: शेवटचं चित्र घेतलं तेव्हा ती उभी होती. तिला तिथून मीच उचललं.

मामा रीळ घेऊन मद्रासला गेला, ओळखीच्या लॅबमध्ये धुऊन घेतलं आणि मागून आणलेला प्रोजेक्टर घेऊन परत आला. मधल्या दिवसांत अप्पा येऊन गेले होते. "डॉक्टर काही बोलत नाहीत," एवढं अत्याला म्हणाले आणि कमूकडे न बघताच जोडे घातले.

भर दुपारी दारं-खिडक्या लावून भिंतीवर मामाचं पांढरं वेष्टी, म्हणजे धोतर, टांगलं. बघायला आम्ही चौघंच: मामा, अत्या, मी आणि माझ्या मांडीवर कमू. ती इतकी हलकी झाली होती की मांडी अवघडलीसुद्धा नाही.

मरपाची उठली. धडपडली, उभी राहिली. अत्या "अगबाई!" म्हणाली. बाहुली समईपासून पुढे उंबऱ्यापाशी आली, उभी राहिली… आणि चित्र संपलं नाही.

तिने डावा हात जमिनीला टेकला. मग हळूहळू खाली बसली. डावा गुडघा मोडून, उजवा पाय समोर सरळ लांब करून. आमच्या घरात असं कुणी बसत नसे. आईही नाही, ती मांडी घालून बसायची. बाहुलीने पदर गुडघ्यावर ओढून घेतला. मग नुसता पांढरा उजेड.

"लाकूड वाकलं कसं रे?" अत्या कुजबुजली.

मामा माझ्याकडे बघत होता. "सरू, तू मागाहून काही…?"

"मामा, कॅमेरा तुझ्याजवळ होता. आणि ती वाकत नाही!"

कमू माझ्या मांडीवरून उतरली. "आई बसली," ती म्हणाली. "मला दहीभात दे."

मामाला फिल्म पुन्हा लावायची होती. अत्याने प्रोजेक्टरवर चक्क फडकं टाकलं. "पोर जेवतेय. आता काही पाहायचं नाही." कमू जेवली आणि अत्या तिच्यासमोर बसून भात कालवता कालवता रडली.

त्यानंतरच्या रविवारी अप्पा आले ते दारातूनच हाका मारत. ताप उतरला होता, आई बोलली होती. फक्त आता नवीनच काहीतरी, उजवा पाय सुजायला लागला होता, कालपासून.

आई आली ती कार्तिकात, जटक्यातून, म्हणजे घोडागाडीतून, मांडीवर भाऊ. अत्याने भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबरा ओलांडून आत येताच आई म्हणाली, "थांबा गे, जरा टेकते." बाळ अत्याच्या हातात दिलं. डावा हात जमिनीला टेकला आणि ती हळूहळू खाली बसली. उजवा पाय सरळ समोर. तो मोडायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मग तिने पदर गुडघ्यावर ओढून घेतला.

अत्याने बाळ छातीशी घट्ट धरलं. मामाच्या हातात आईचं गाठोडं होतं, ते तसंच राहिलं.

त्या आठवड्यात आईनेच हट्ट धरला, "तुमचा सिनेमा मला दाखवा की." पुन्हा वेष्टी टांगलं. मरपाची उठली, चालली, उंबऱ्यापाशी आली, उभी राहिली आणि फिल्म संपली. मामाने नंतर पट्टी उन्हात धरून भिंगाखालून सगळी तपासली. शेवटच्या चित्रापर्यंत ती उभीच होती.

चौघांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर न घडलेलं बसणं चौघांनी सारखंच कसं पाहिलं? आणि आईचा पाय सुजण्याआधी? मी हे कितीदा मांडून पाहिलं आहे. हातचा कुठे चुकतो ते सापडत नाही.

त्या दिवशी आई मात्र हसत होती. "अगे कमू, तू तर म्हणालीस बाहुली बसते. ही उभीच आहे की!"

आईच्या लांब केलेल्या पायाला टेकून कमू दहीभात खात होती. तिने मान वर करून आईकडे असं पाहिलं, जणू आईलाच काही समजत नाही.

"आता तू बसलीस ना," ती म्हणाली.