खऱ्या वयाचा कागद

अण्णा, म्हणजे माझे वडील, विम्याचे एजंट होते. आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहायचो आणि त्यांची गिऱ्हाइकं सगळी परळ-लालबागची, गिरणीतली. विमा विकायचा म्हणजे समोरच्याला 'तू एक दिवस मरणार' हे हसतमुखानं सांगायचं, आणि अण्णांना ते झकास जमायचं. खोड एकच. फॉर्मवर वय लिहिताना ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे आणि खुशाल तीन-चार वर्षं कमी लिहायचे. वय कमी तर हप्ता कमी, आणि हप्ता कमी असला की माणूस लगेच तयार. जन्माचा दाखला कुणाकडेच नसे, कंपनीही खोलात शिरत नसे. त्यांच्या ओळखीचे सगळेच एजंट हे करत आणि वर याला गिऱ्हाइकाचं भलं म्हणत.

मग सरकारनं आयुर्विम्याच्या सगळ्या कंपन्या ताब्यात घेतल्या. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती, चाळीत मोर्च्यांशिवाय दुसरा विषय नव्हता, त्यामुळे या बदलाकडे आमच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. अण्णांना मात्र नव्या साहेबांनी बोलावून बजावलं, की ज्या जुन्या पॉलिसींना वयाचा पुरावा जोडलेला नाही, त्यांचा तो आता आणा. वय कमी लिहिलंय हे माणूस गेल्यावर उघडकीला आलं, तर त्याच्या बायकोला पैसे कापून मिळतील, तेही फाइल महिनोन्‌महिने फिरल्यावर. बाकीचे एजंट म्हणाले, गप्प बसा हो, तेव्हाचं तेव्हा बघू. अण्णा दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे. चल माझ्याबरोबर लिहायला."

मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिली होती आणि माझी जीभ तेव्हाही आजच्याइतकीच तिखट होती. मी म्हटलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लोकांना फसवत होतात?" अण्णांनी चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले.

पहिलं घर परळच्या चाळीतलं. रिंग खात्यात सूत कातणारा कामगार, त्याची बायको आणि तीन मुलं. त्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर होती. कापसाच्या धुळीनं त्याची छाती धरली होती. दोन शब्द बोलला की खोकायचा. बायकोनं पॉलिसीचा कागद ट्रंकेतून काढून अण्णांच्या हातात दिला आणि सरळ विचारलं, "साहेब, हा कागद खरा ना? यांच्यामागं मला दुसरं काय नाही."

"कागद खरा आहे," अण्णा म्हणाले. "त्यातलं वय खोटं आहे. ते मी लिहिलं. चूक माझी."

शेजारीपाजारी दारात उभे होते. त्यांच्यादेखत, त्या बाईसमोर मान खाली घालून माझा बाप हे बोलला. वाटभर मी त्यांच्यावर धुमसत होते, पण एवढं धाडस मी त्यांच्यात कधी पाहिलंच नव्हतं.

कामगार चिडला नाही, उलट हसला. "साहेब, माझी वयं तीन. गिरणीत लागताना मोठा झालो, तुमच्या कागदावर लहान झालो. खरं काय ते मलाबी ठाऊक नाही."

नवा नियम असा होता, की दाखला नसेल तर ज्या वडीलधाऱ्या माणसाला जन्म आठवतो त्यानं शपथेवर लिहून द्यावं. त्याच्या जन्माच्या वेळची सुईण त्याच चाळीत राहत होती. तिला बोलवायच्या आधी तो अण्णांना हळूच म्हणाला, "आजीला सांगू, पॉलिसीतलंच वय सांग. हप्त्यांचा फरक भरायला नको, तुमच्यावरबी काय यायचं नाही." अण्णा नाही म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते खिडकीबाहेर बघत राहिले.

म्हातारी आली. चाळीतल्या निम्म्या लोकांना तिनंच जगात आणलं होतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तापाची साथ होती तवा," ती म्हणाली. "पयलं मोठं युद्ध संपत आलं होतं. तिसऱ्या दिवशी ह्याची आई गेली. आता ह्याला चार वर्सं ल्हान करायचा, तर ती चार वर्सं आणखी जगली असं लिवावं लागंल. लई बरं झालं असतं बाबा तसं. पन ती नाही जगली."

लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईचा शब्द सरकार प्रमाण मानणार होतं, आणि तिला त्याचं वजन आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळलं होतं.

कामगारानं विचारलं, "आजी, तिनं मला बघितलं होतं?"

"बघितलं की. ताप फणफणत होता तरी छातीशी धरून बसली. सोडंना. तुला ताप लागंल म्हनून म्याच काढून घेतला."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाला, "खरं लिहा, साहेब. फरक मी भरतो."

मी तिच्या सांगण्यावरून वर्ष लिहिलं. मग कुणालाच न विचारता त्याखाली लिहिलं, 'जन्मानंतर आईने मुलास जवळ घेतले होते.' अण्णांनी ते वाचलं. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी शाईचा पॅड म्हातारीपुढे सरकवला.

ते वय मंजूर झालं. शिक्का मारलेली नक्कल घेऊन आम्ही पुन्हा परळला गेलो. माझं वाक्य नकलेवर जसंच्या तसं होतं. कामगारानं तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. वय किती ठरलं, हे त्यानं विचारलंच नाही.