बी गळेपर्यंत

कवठे महांकाळच्या पूर्वेला माळावर आमचं गाव. गावाला एकच कुरण, साठ एकरांचं. भोवती काट्यांचं कुंपण, आणि आत जायच्या वाटेवर बाभळीचा मोठा काटा, म्हणजे तोडलेली काटेरी फांदी, आडवा. गवताचं बी गळेपर्यंत तो काटा ओढायचा नाही, असा नेम. बी गळलं की नाही, हे सांगायचा मान बयाबाईचा. रोज सकाळी ती गवताचा एक तुरा तळहातावर चोळायची आणि फुंकर मारायची. दाणा हिरवा, चिकट असला तर कुरण बंद; वाळून फुंकरीनं उडाला तर खुलं. सासऱ्यांनी तिला हे शिकवलं होतं. पंचही तिच्या शब्दाबाहेर जात नसत.

त्रेचाळीस साली पाऊस लवकर उघडला. माळ करपला. बयाबाईचा मुलगा नानासो, त्याची सत्तर मेंढरं. त्यातली अकरा एका आठवड्यात मेली. कुरणाच्या तोंडाशी, पंचांसमोर तो आईला म्हणाला, "आये, आज काटा वढ. पंधरा दिसांनी चारायला माझ्याकडं काय उरंल?"

"दाना हिरवा हाय रं. आता चारलं तर फुडच्या साली हितं नुसती माती."

"फुडचं फुडं!"

म्हातारे पंच आकाराम हसले. "बयाबाई, न्यायाला बसल्यागत बसलीयास, पर फिर्यादी कुठं दिसंना!"

"म्हनून तर. तुमी समदी बोलाय हाईसा. त्येच्या वतीनं कोन बोलतंय?" तिनं बाजूला उभ्या असलेल्या सुनेच्या पोटाकडे बोट केलं. भामाबाईला सहावा महिना होता.

"त्येच्यासाठी त्येच्याच बापाची मेंढरं मारतीस व्हय?" नानासो म्हणाला.

बयाबाईनं काटा ओढला नाही.

दुसऱ्या दिवशी नानासोनं बिऱ्हाड घोड्यावर लादलं आणि उरलेली मेंढरं व बायकोला घेऊन तो कुंडलकडे निघून गेला. तिकडचे बागायतदार खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. तो गेल्यावर सोळाव्या दिवशी बयाबाईच्या फुंकरीनं बी उडालं.

पुढच्या वर्षी गवत मांडीला लागलं. नानासोला मुलगी झाल्याचं तोवर कळलं होतं. नाव मनुबाई. त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक मेंढक्याबरोबर बयाबाई सांगावा धाडायची, 'गवत लय आलंय, पोरीला घिऊन या.' उत्तर यायचं, 'फुडच्या साली बघू.' मग एकदा कळलं, की नानासोनं मेंढरं विकली आणि एका मळ्यात वाट्यानं शेत करायला घेतलं.

तरी दर कार्तिकात ओढ्याकडचा तुकडा ती नानासोचा म्हणून वेगळा काटा लावून राखायची. बाकीच्या कुरणात गाव मेंढरं चारायचं. त्या तुकड्याबद्दल कुणी बोलत नसे. अठ्ठेचाळीस साली आकाराम तिच्याजवळ येऊन बसले.

"बयाबाई, त्यो तुकडा उभ्या उभ्या वाळतोय. माझ्या मेंढ्या गाभण हाईत. काय करू, सांग."

"मनीला पाचवं लागलं आसंल," बयाबाई म्हणाली. "तिनं मेंढरू बगितलं आसंल का वो?"

मग ती उठली आणि तिनं त्या तुकड्याचा काटा बाजूला केला. आकारामांची मेंढरं आत शिरली. शेवटचं आत जाईपर्यंत ती कुंडलच्या वाटेकडे तोंड करून उभी होती.