असोद्याच्या गच्चीवरचं यंत्र

हवेतला धूर मोजणारा उपग्रह रोज दुपारी दीडच्या सुमारास जळगाववरून जातो. त्याला वरून धूर दिसतो, खालची गंमत दिसत नाही. ती आम्हा जमिनीवरच्या संशोधकांच्या वाट्याला येते. म्हणून तर आमच्याकडे डेटा कमी आणि किस्से जास्त!

उपग्रहाचं खरं-खोटं ताडून बघायला जमिनीवरही एक यंत्र लागतं. मी आणि आमचे टेक्निशियन सलीमभाई यांनी ते जळगावजवळच्या असोद्याला, केळीवाल्या नानांच्या गच्चीवर बसवलं. नानांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वरतून सारं दिसतं म्हंता? मंग माह्या केळीचे घड कोन नेतं, तेवढं सांगा!"

*

पारोळ्याच्या बाजारात, शेतातला काडीकचरा जाळणाऱ्या एका आबांनी मला गाठलं. "मन्हा वावरमाधला धूर वरतून दिसस का?"

"एकट्याचा नाही आबा. आजूबाजूच्या शिवाराचा मिळून दिसतो."

धुराचं खापर एकट्यावर फुटणार नाही म्हणून आबा खूश! "मंग काय भेव? नाव ते बठ्ठा गावनं व्हई!"

*

मे महिन्यात आमच्या यंत्राकडून आकडेच येईनात. गच्चीवर जाऊन बघतो तर यंत्रावर जुनं लुगडं! नानांच्या घरच्या अक्का म्हणाल्या, "इतक्या उन्हात उघडं ठेवता? लेकराले ऊन लागलं म्हंजे?"

सूर्याकडे टक लावून बघायचं आणि धुरानं ऊन किती अडलं ते मोजायचं, हेच त्या यंत्राचं काम, हे अक्कांना कोण सांगणार? सलीमभाईंनी गुपचूप लुगड्याची घडी घातली.

*

पुण्याच्या ऑफिसातल्या आमच्या वरिष्ठ मॅडमना मात्र हे पटेना. "यंत्र बंद पडलंय आणि तुम्ही लुगडं पुढे करताय! आता पावसाळ्यात ढगांमुळे काही कळणार नाही, हिवाळ्यात स्वतः येते. चालत नसेल तर नाशिकला हलवू."

आमचा जीव त्या यंत्रात अडकलेला. पण यंत्र ठणठणीत आहे, याची मला खात्री होती.

*

मॅडम आल्या. पाहुण्या आल्या म्हणून अक्कांनी भरताचा बेत केला. आम्ही गच्चीवर लॅपटॉप उघडून उपग्रहाची वाट बघतोय, आणि बरोबर दीडला खाली अंगणात अक्कांनी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी टाकली. धूर थेट यंत्रापुढे! स्क्रीनवरचा आकडा सर्रकन वर चढला. सलीमभाईंनी डोळे मिटले.

मॅडम ओरडल्या, "अहो, हे तर चांगलं जागं आहे!"

जेवताना दुसऱ्यांदा भरीत वाढून घेत त्या म्हणाल्या, "यंत्र इथंच राहील. पण अक्का, तेवढी वांगी दोननंतर भाजत जा. दीडला उपग्रह येतो."

अक्कांनी भाकरी वाढली. "त्यालेच सांगा ना, जेवनं झाल्यावर येत जाय म्हना!"