गेलेल्या तीन ट्यूब

गेलेली ट्यूबलाइट टाकायची कुठे, या एका प्रश्नाने त्या आठवड्यात मी पार वैतागले होते. सॉफ्टवेअर कंपनीत नवी होते, कोथरूडला फ्लॅट घेऊन वर्षही झालं नव्हतं, आणि दाराआड तीन ट्यूब उभ्या होत्या. कचऱ्यात द्यायला मन धजत नव्हतं. आमचा कचरा न्यायला येणाऱ्या मावशी गेटपाशी बसून प्रत्येक पिशवी उपसायच्या, तीही उघड्या हातांनी. काच लागून त्यांचा हात कापला तर? मला भीती होती ती एवढीच.

इंटरनेटवर शोधलं, तर अमेरिकेतले पत्ते मिळाले. ऑफिसात आमचं सॉफ्टवेअर सातासमुद्रापार कुणाची तरी विमानाची तिकिटं चुटकीसरशी काढून देत होतं, आणि माझ्या तीन काचेच्या नळ्यांना पुण्यात जागा नव्हती. वॉर्ड ऑफिसात तीन टेबलं फिरले. शेवटच्या टेबलामागचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, “कचऱ्याला माणसं येतात ना तुमच्याकडे? मग आम्हाला काय विचारता?” सदाशिव पेठेतला दुकानदार त्यांच्याहून सरस. “अहो, आम्ही ट्यूब विकतो. त्यांचे दिवस घालत नाही.”

शनिवारी तिन्ही ट्यूब स्कूटरला बांधून स्वारगेटच्या पुढे एका भंगारवाल्याकडे गेले. पत्रा असेल तर आणा, म्हणाला. परतताना गाडी खड्ड्यात आदळली आणि तिन्ही फुटल्या. भर रस्त्यात उभं राहून रडावंसं वाटलं.

घरी येऊन तुकडे वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळले, सुतळी बांधली आणि वर लाल पेनाने ठळक लिहिलं: ‘आत काच आहे. उघडू नये.’ पुण्यात राहून पाट्या लिहायची खोड मलाही लागली होती. सोमवारी पुडकं दाराबाहेर ठेवलं आणि कंपनीची बस गाठली. आपण किती काळजी घेतो, असं वाटून बसमध्ये बरंही वाटलं. आता ते आठवलं की लाज वाटते.

पुढचे दोन दिवस दुसऱ्याच बाई आल्या. गुरुवारी मावशी आल्या त्या उजव्या हाताला बँडेज बांधून. मी दारातच होते.

“काय झालं, मावशी?” विचारलं, आणि विचारता विचारताच कळलं.

“पुडक्यात काच होती, ताई. कागद चांगला दिसला म्हणून सोडाया गेले. रद्दी मी येगळी काढते न्हवं.”

“अहो, पण मी वर लिहिलं होतं!” मी जवळजवळ ओरडलेच.

“मला कुठं वाचता येतंय?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मात्र आणखी चिडले, कोणावर ते धड कळेना. पाच टाके पडले होते, बोटं वाकत नव्हती आणि तरी त्या कामावर आल्या होत्या. बस चुकली तर चुकू दे म्हणून थांबले आणि सगळी वणवण त्यांना सांगितली: इंटरनेट, वॉर्ड ऑफिस, दुकानदार, भंगारवाला.  मावशींनी डाव्या हाताने आमची पिशवी उचलली.

“ट्यूबा व्हय? आमच्या कचरा निवडायच्या शेडमधी येगळं पिंप हाय की त्येच्यासाठी. अख्ख्या द्यायच्या माझ्याकडं. मला इचारायचं हुतं, ताई. मी तर रोज दारात येते.”