यशोदाबाईंनी टिपलेला पूर

वडगावात, दिवसभर यंत्रमागांची खडखड चालणाऱ्या गल्लीत यशोदाबाईंचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा गेल्यावर कॅमेरा त्यांनीच हातात घेतला. तेव्हापासून "हनुवटी जरा खाली, हलू नका" असं माणसांना सांगण्यात त्यांचे दिवस गेले.

गेल्या ऑगस्टात पावसानं आठवडाभर उसंत दिली नाही. दूधगंगा पात्राबाहेर आली असं कानावर आलं, तशा त्या भाचीला म्हणाल्या, "करिष्मा, गाडी काढ गं. सदलग्याला जाऊन येऊ."

"आत्या, पूर काय बघायची चीज हाय व्हय?"

"जल्मात एकदा तरी हलणारं काय तरी काढू दे की मला!"

सदलग्याच्या अलीकडं रस्ता सरळ पाण्यातच उतरला होता. पोलिसांनी आडवा दोर बांधलेला. यशोदाबाई दोराशी गेल्या आणि बघतच राहिल्या. पलीकडचा काठ कुठं दिसेना. नजर जाईल तिथवर तांबूस पाणी, त्यात उसाचे नुसते शेंडे थरथरणारे, विजेचे खांब कमरेपर्यंत बुडालेले. आणि तळव्यांतून अंगात चढावा असा एक घुमणारा आवाज.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, परत लावला. "चौकटीत मावंना झालंय गं," त्या पुटपुटल्या.

शेजारी आण्णासाहेब म्हणून सदलग्याचे एक शेतकरी उभे होते. "ते शेंडे दिसत्यात न्हवं, ती आमच्या उसाची पट्टी," ते म्हणाले. "जल्म हितंच गेला. पर ही नदी केवढी हाय, ते मलाबी दर खेपंला नव्यानंच कळतंय बघा, आक्का."

तेवढ्यात गलका झाला. वरच्या अंगानं एक म्हैस वाहत येत होती. नुसती शिंगं आणि नाकपुड्या. धारेनं तिला दोनदा आत ओढलं, दोनदा ती वर आली. लोक मराठीत, कानडीत, सुचेल तसं तिला हाका मारत सुटले. म्हैस मात्र धारेशी झगडली नाही. वाहत वाहत, तिरपी पोहत ती उसात शिरली, तिथं तिचे पाय टेकले, आणि रस्ता चढून ती सगळ्यांसमोर येऊन उभी राहिली. पोट भात्यासारखं हलत होतं. आण्णासाहेबांनी हात जोडले, म्हशीला की नदीला कुणास ठाऊक.  यशोदाबाईंचं बोट बटण दाबतच होतं.

त्यांनी म्हशीचा फोटो आण्णासाहेबांच्या मोबाईलवर पाठवला. तो गावोगाव फिरला आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या गावचा मालक म्हैस ओळखून घेऊन गेला.

पुराचे बरेच फोटो हललेले निघाले. त्यातलाच एक मोठा करून यशोदाबाईंनी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलाय, नव्या नवरा-नवरींच्या मधोमध. त्यात म्हैस म्हणजे एक काळा ठिपका. गिऱ्हाईक विचारतं, "हे काळं काय हाय ओ?"

"ते सांगते मग," यशोदाबाई म्हणतात. "आधी पाणी बघा."