लायसनासाठी उतरवलेल्या बांगड्या

माझी बायको दाई होती. तिला जाऊन पाच महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस, झाशीच्या रेल्वे यार्डात डबे जोडण्यात जन्म गेला. लिहिणं माझं काम नव्हे. पण तिच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार?

आम्ही यार्डाजवळच्या नगरा वस्तीत राहायचो. आजूबाजूच्या रेल्वेवाल्यांची बरीचशी पोरं तिच्याच हातांवर जगात आली. विद्या आईकडून घेतलेली, अक्षर एक येत नव्हतं. इंजिनं कोळशावर धावायची तेव्हाची गोष्ट. हुकूम निघाला, लायसन नसलेल्या दाईनं बाळंतपणाला हात लावायचा नाही. आधी दवाखान्यात शिकायचं, मग डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांसमोर एक बाळंतपण करून दाखवायचं.

मी म्हणालो, "सोड ते. घरी बस."

"आणि शेजारणींना कुणाच्या हाती देऊ? तुमच्या?"

गेली शिकायला. नखं कापली, नाळ कापायचं पातं उकळायला शिकली, साबणानं हात घासायला शिकली. अडली एकाच ठिकाणी. कोपरापर्यंत हात उघडा हवा, बांगडी चालायची नाही. आमच्यात नवरा जिवंत असताना बाई हात रिकामा ठेवत नाही. बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्यात माझं काम दोन डब्यांच्या मध्ये उभं राहायचं. तिथं चेंगरलेली माणसं तिनं पाहिली होती.

परीक्षेला शेजारच्या, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनची बायको मिळाली. दुपारी तिला कळा सुरू झाल्या, डॉक्टरीणबाई आल्या. मी ड्यूटीवरून येऊन फायरमनच्या अंगणात बसलो होतो, तिथून पुढची खोली दिसायची. माझ्या बायकोनं बांगड्यांवर उकळलेल्या कापडाची पट्टी गुंडाळली होती.

"ये क्या है?"

"चूड़ी ढाँक ली, बाईजी."

"लाइसेंस चाहिए कि चूड़ी?"

"दोनों चाहिए जी."

फायरमनची म्हातारी आई हसली, बुंदेलीत लेकीला म्हणतात तसं हिला बिन्नू म्हणाली. "उतार दो बिन्नू, तुमाओ आदमी ऐसें नईं मरत!"

डॉक्टरीणबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पट्टी सोडली, तिचा हात पांढऱ्या तसराळ्यावर धरला आणि बांगड्यांखालून ऊन पाणी सोडलं. हात नुकते साबणानं घासलेले होते, तरी पाणी राखेसारखं निघालं. बायको त्या पाण्याकडे बघत राहिली. आदल्या वर्षी गुरसराय गावाहून एक लेकुरवाळी हिच्याकडे बाळंतपणाला आली होती. मूल चांगलं झालं, पण ती सहाव्या दिवशी तापानं गेली. आम्ही म्हटलं, नशीब.

"बाईजी, बुखार इसी से आता है?"

"आ सकता है."

"गुरसरायवाली को भी?"

बाई खरी होती, खोटं बोलली नाही. "पता नहीं. हो सकता है."

तशी ती दारात आली. "अहो, इकडे या. इथं बसा. हलू नका."

मी उंबऱ्याशी बसलो. तिनं हातांना साबण लावला आणि एकेक बांगडी ओढायला लागली. कासारानं घट्ट भरलेल्या होत्या. नजर सगळा वेळ माझ्या तोंडावर. एक तडकली. ती थांबली.

"बरं वाटतंय ना?"

"वाटतंय की."

दुसरी तडकली. "छातीत काही?"

"भूक लागलीय."

"मेलं ते जेवण," म्हणाली आणि जीभ चावली. आत गेली.

मी बसलो तिथंच. पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही. हळूहळू डोक्यात शिरलं, हिनं काय केलं ते. मला ती गंमत वाटत होती. तिला नव्हती. तिच्या हिशेबी माझा जीव त्या काचेत होता, आणि तो तिनं लोकांच्या सुनेसाठी पणाला लावला, माझ्याच तोंडाकडे बघत. राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं मी हिच्या हातचं जेवत होतो आणि ही कोण आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पोर रडलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पास है."

मागून ती आली, हात पुसत. जिथं बांगड्या असायच्या तिथली कातडी तान्ह्या मुलासारखी गोरी होती. लग्नाला वीस वर्षं झाली होती, मी ते मनगट पहिल्यांदा पाहिलं.

मी उठून उभा राहिलो. आमच्यात नवरा बायकोसाठी उभा राहत नाही.

"बैठो भैया, का हो गओ?" म्हातारी म्हणाली.

मी उभाच राहिलो.